फाटकावरचा बाण

मेलेल्या माणसाचं नाव डेल्बर्ट हास होतं आणि मी त्याला चार वेळा गॉर्डन म्हणालो. एकदा पेटीवर पवित्र पाणी शिंपडताना, दोनदा प्रवचनात आणि शेवटी, देवाच्या हवाली करताना. गॉर्डन कालचा. काल याच जागी, याच उंच मेणबत्तीशेजारी, याच मापाच्या पेटीत गॉर्डन होता. परवा आणखी कुणीतरी होतं. सेंट ब्रेंडनमध्ये आठवड्याला चार-पाच अंत्यविधी होतात आणि ते सगळे मीच करतो, कारण माझा आवाज चांगला आहे असं ऑफिसातल्या शेरिलचं मत आहे. चर्चमध्ये दीडशे माणसं असतील. त्यांतलं कुणी साधं खाकरलं नाही. मला चूक कळली ती शेवटी, दारात उभा राहून हस्तांदोलनं करताना. डेल्बर्टचा थोरला भाऊ, नव्वदीचा, कानात यंत्र घातलेला, माझा हात धरून म्हणाला, "फादर, हा गॉर्डन कोण? मला वाटलं, मी चुकीच्या मयताला आलो." डेल्बर्टच्या मुलीने त्याला दंडाला धरून पुढे नेलं आणि वळून मला म्हणाली, "छान झालं सगळं. बाबांना आवडलं असतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या, चालायचंच. तिने हे अगदी सहज म्हटलं. ती चिडली असती तर मी सुटलो असतो. तिच्या बापाला मी दुसऱ्याच माणसाच्या नावाने पुरायला पाठवत होतो आणि तिला ते ऐकू येत होतं, पहिल्या बाकावर बसून ऐकू येत होतं, पण चर्चमध्ये फादरला मधेच टोकायचं नसतं, एवढी शिस्त या शहराने तिला लावली होती. वाळवंटातल्या लास नोरियासला माझ्या पहिल्याच अंत्यविधीत मी म्हणालो होतो की मृताच्या मागे पत्नी आणि दोन मुलगे आहेत, तर तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "तीन. एक तुरुंगात आहे, पण आहे." त्यावर दुसरीकडून कुणीतरी म्हणालं, "चौथ्याचं बोलूच नका, तो तिचा नाही." लोक हसले, विधवाही हसली, आणि पुढचे पाऊण तास मी जे काही बोललो ते जपून बोललो. मी तेव्हा चाळिशीला टेकलो होतो आणि मला राग आला होता. आता शेचाळिसाव्या वर्षी, रिव्हरसाइडच्या या चकचकीत सॅक्रिस्टीत, पोशाख बदलायच्या खोलीत, गळ्यातला पट्टा काढून ठेवताना, मला त्या तिसऱ्या बाकाची इतकी आठवण आली की हात थरथरायला लागले.

खरं तर हात कालपासूनच थाऱ्यावर नव्हते. काल दुपारी मॉन्सिन्योर कीटिंगचा फोन आला होता. हे बिशपांचे उजवे हात. वाईट बातमी हसत हसत द्यायचं काम त्यांच्याकडे असतं. म्हणाले, "एफ्रेन, तुझं ते वाळवंट. बिशप तिथल्या चर्चला कुलूप लावायचं म्हणतायत. सत्तावीस माणसं आणि एक घंटा, याच्यासाठी पाद्री कुठून आणायचा? तिथे राहायला कुणी आपणहून तयार असेल तरच ते उघडं राहील. तू दोनदा अर्ज केला होतास परत जायचा. तो उत्साह अजून आहे की प्रकृती सुधारली?" ते पुढे म्हणाले, "गावकऱ्यांनी पत्र पाठवलंय. तूच हवास म्हणतात. नाव घालून. सतरा सह्या आहेत. पहिली सही कुणा रामोना ओल्गीनची. शुक्रवारी दुपारपर्यंत सांग."

पहिली सही रामोनाची. हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. रात्री झोप लागली नाही, सकाळी कॉफीत मीठ घातलं आणि दहा वाजता डेल्बर्टला गॉर्डन केलं. वाळवंटाची ओढ मला सहा वर्षं होती, ती काही लपवून ठेवलेली नव्हती. माझ्या टेबलावर लास नोरियासचा एक दगड आहे, शेरिल त्याला 'फादरची बायको' म्हणते. दगडापर्यंत ठीक होतं. पण ती सही मला नको होती. त्या बाईला एक गोष्ट ठाऊक असती तर तिने माझं नाव कागदावर येऊच दिलं नसतं. आणि ती गोष्ट तिला सांगितल्याशिवाय मी मॉन्सिन्योरना हो म्हणालो, तर तिथे रोज सकाळी तिच्या जिभेवर प्रसाद ठेवताना माझी बोटं काय करतील ते मला माहीत होतं.

साडेअकराला मी गाडीची किल्ली घेतली. शेरिल संगणकातून मान वर न काढता म्हणाली, "दोनला लग्नाच्या जोडप्याची भेट आहे, चारला पार्किंग समितीची मीटिंग." पार्किंग समिती आमच्याकडे फार महत्त्वाची. रविवारी पाच मिस्सा होतात, पहिल्या मिस्सेची माणसं बाहेर पडेपर्यंत दुसरीची आत येऊन भांडतात, आणि पिवळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक हात हलवत उन्हात उभे असतात. मी म्हणालो, "दाताच्या डॉक्टरकडे जातोय. उशीर होईल." बोलून गेल्यावर मी दारातच थबकलो. तिने विचारलं नव्हतं. नुसतं जातो म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण कुठे जातोय ते विचारायच्या आतच खोटी दिशा सांगून मोकळं व्हायचं, ही माझी सवय. ती सवय मला कुठे लागली, हे माझ्याखेरीज जगात कुणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती.

खिंडीतून पुढे आलं की पवनचक्क्या लागतात, मग खजुराच्या बागा, मग रेडिओवरचं एकेक स्टेशन खरखरत बंद पडतं. शेवटचं बंद पडलं तेव्हा मी खिडक्या उघडल्या. सप्टेंबर संपत आला होता तरी झळ होतीच. मोबाइल पुढच्या खणात टाकून दिला. तो वास आला, क्रिओसोटच्या झुडपांचा, तापल्या रस्त्याचा आणि पाऊस पडून गेल्याचा मिळून असावा तसा, पाऊस महिनोन्महिने पडलेला नसला तरी येतो तो. माझे खांदे आपोआप सैल झाले. एवढं साधं आहे ते. शहरात मला लोक विचारतात की फादर, तिथे असं होतं तरी काय? तिथे काही नव्हतं, हेच सांगायचं असतं, पण ते प्रवचनासारखं वाटतं म्हणून मी हसून सोडून देतो. वाळवंटात जाऊन बसायचं ही आमच्या धर्मातली जुनी खोड आहे. सेमिनरीत असताना आम्ही त्या एकांतवासी बाबांच्या गोष्टी वाचायचो, कुणी गुहेत राहिला, कुणी खांबावर. आणि मला मनातून वाटायचं की हे सगळे देवाला शोधायला गेले असतील नसतील, माणसांपासून मात्र नक्की पळाले होते. खुद्द येशूनेही तिथे चाळीसच दिवस काढले. घर बांधलं नाही.

मी मात्र घर बांधायला निघालो होतो. लास नोरियासला मला पाठवलं ते चौदा महिन्यांसाठी, आधीचे फादर वारले म्हणून. जिप्समची खाण बंद पडलेली, आगगाडी न थांबता जाणारी, एक दुकान, दुकानापुढे एक बाक, पाण्याची उंच टाकी आणि तिच्या सावलीत कुत्री. पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आलो. दुसऱ्या महिन्यात मला पहाटे आपोआप जाग यायला लागली. तिथे मला कुणी फादर म्हणून मान द्यायचं आणि त्याच दमात 'अंड्यात मीठ कमी टाकता तुम्ही' असंही सांगायचं. सातच्या मिस्सेला चार बायका आणि अबेलार्दो. अबेलार्दो ओल्गीन, खाणीतला जुना फोरमन, फुप्फुसं गेलेली, पण प्रार्थना सगळ्यांच्या आधी संपवायचा आणि मग माझ्याकडे घड्याळ लावल्यासारखा बघत बसायचा. रामोना त्याची बायको. त्यांचं घर माझ्या समोर, जरा तिरपं, साठ पावलांवर.

आणि बाण. तिथे प्रत्येक घराच्या फाटकाच्या खांबावर पत्र्याचा एक बाण असतो, डब्याच्या झाकणातून कापलेला, मधोमध एका खिळ्यावर आडवा बसवलेला. घरी असलात की बाणाचं टोक स्वतःच्या दाराकडे. वाळवंटात निघालात की ज्या दिशेला जाणार त्या दिशेला टोक फिरवायचं. परत आलात की पुन्हा दाराकडे वळवायचं, आणि ते स्वतः वळवायचं; दुसऱ्याच्या बाणाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. सूर्य मावळेपर्यंत बाण घरी आला नाही तर गाव त्या दिशेला शोधायला निघतं. कुणाला बोलवावं लागत नाही. खाणीच्या काळात तीन माणसं पाण्याविना मेली तेव्हापासून हे चालू आहे म्हणतात. माझा बाण लावून दिला सॅक्रिस्टन देल्फिनाने. चर्चची किल्ली, घंटेचा दोर आणि गावाची नैतिकता या बाईच्या ताब्यात. खिळा ठोकता ठोकता म्हणाली, "फादर, वर देव बघतोच तुम्हाला. हा आमच्यासाठी."

सुरुवातीला मला त्या बाणाचं फार कौतुक वाटलं. आईला फोनवर सांगितलं. मग हळूहळू तो डोळ्यांत खुपायला लागला. मी सकाळी पश्चिमेच्या खाऱ्या पठाराकडे चालायला जायचो, पांढरी सपाट जमीन, क्षितिजापर्यंत काही नाही, आणि नेमका जीव शांत व्हायला लागला की मागून रूफिनोचा ट्रक यायचा. रूफिनो म्हणजे अबेलार्दोचा थोरला. "आईने पाणी पाठवलंय." "आईने विचारलंय, टोपी घेतलीत का." एकदा मला परतायला जरा उशीर झाला तर चार गाड्या भोंगे वाजवत आल्या, त्यात देल्फिना पुढच्या सीटवर जपमाळ घेऊन. मी हसलो, आभार मानले, आणि त्या रात्री माझ्या खोलीत बसून दात आवळून म्हणालो की एक दिवस, फक्त एक दिवस मला कुणी सापडू नये. आणि मी कुणाला सापडू नये.

तो दिवस जूनमध्ये आला. हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. शहरात आल्यावर एका म्हाताऱ्या फादरपाशी पापनिवेदन केलं, तेव्हा म्हणालो की मी फिरायला गेलो असताना एक आजारी माणूस वारला आणि मला पोहोचता आलं नाही. ते म्हणाले, अरे, फिरायला जाणं हे पाप नाही. तीन प्रार्थना म्हण आणि झोपत जा नीट. त्यांनी मला क्षमा दिली ती अर्ध्याच गोष्टीची. उरलेली अर्धी अशी. सातची मिस्सा झाली. अबेलार्दो आला नव्हता. देल्फिना मेणबत्त्या विझवताना म्हणाली, "त्याने दोन दिवस पाणीसुद्धा नीट घेतलेलं नाही. आज गावातच राहा, फादर." मी हो म्हणालो. तेलाची डबी, मरणाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना लावायचं ते तेल, खिशात टाकली. घरी आलो. आणि अर्ध्या तासाने फाटकाशी उभा राहून मी बाण पश्चिमेला वळवला, पश्चिमेकडे शंभर पावलं चाललो, टाकीच्या मागून वळसा घेतला आणि पूर्वेला निघालो. अबेलार्दोला काही लगेच होणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तो आता जाणार, असं तर दर आठवड्याला वाटायचं.

पूर्वेला लाल टेकड्या आहेत. पाऊण तास चाललं की एका कपारीखाली खडकात पाण्याचा खळगा लागतो, त्यात वर्षभर ओंजळ-दोन ओंजळ पाणी असतं. मी तिथे सावलीत बसलो. मधमाश्या पाण्यावर येत होत्या. सावली सरकली तसा मीही सरकलो. भूक लागली नाही. प्रार्थना केली नाही, करावी असंही वाटलं नाही. म्हणायचं तर सगळंच प्रार्थना झाली होती. खिशातली डबी उन्हाने तापून छातीला लागत होती, ती मी काढून दगडावर ठेवली. कुठे एक आवाज नव्हता, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवसाची आठवण आली की अजून मला आधी सुख होतं आणि मग लाज वाटते, आणि हा क्रम सहा वर्षांत एकदाही उलटा झाला नाही. पश्चात्ताप म्हणजे केलेल्या गोष्टीतला आनंद मावळणं, असं आम्ही शिकवतो. माझा मावळत नाही. शहरात अर्ज लिहिताना मी 'गावकऱ्यांची सेवा' असं लिहिलं होतं, दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा डोळ्यांपुढे तो पाण्याचा खळगा होता.

परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. अबेलार्दो चार वाजून दहा मिनिटांनी गेला. दुपारी एक वाजता त्याला घरघर लागली तेव्हा रामोनाने समोर बघितलं, माझा बाण पश्चिमेला, आणि रूफिनोला आणि धाकट्याला पिटाळलं, जा, फादरना घेऊन या, बाबा तेल मागतायत. ते दोघे त्या उन्हात खाऱ्या पठारावर तीन तास मला शोधत होते. एकाचं टायर फुटलं. म्हणजे बाप गेला तेव्हा दोघांतलं कुणी उशाशी नव्हतं. मी पोहोचलो आणि रामोनाने मला बघितलं, उठली, माझ्या अंगाला चाचपून म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना? आम्हाला वाटलं, उष्माघात झाला." मी म्हणालो, बरा आहे. रूफिनो ओठ फुटलेला, डोळे लाल, येऊन माझ्या गळ्यात पडला. कुणी विचारलं नाही कुठे होता. मी विधी केले, चांगले केले, नाव बरोबर घेतलं. पंधरा दिवसांनी मी बिशपांना कळवलं की ऊन सोसत नाही.

सव्वातीनला मी लास नोरियासच्या टाकीखाली गाडी लावली. कुत्री दुसरी होती, सावली तीच. दुकानाच्या बाकावर कुणी नव्हतं. चर्चच्या पायरीवर देल्फिना घमेल्यात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती, ऐंशीची झाली असेल, आणखी लहान झाली होती. माझ्याकडे बघून शेंगा सोलायची थांबली नाही. "या," ती म्हणाली. "पत्र पोचलं वाटतं. पोट सुटलंय की तुमचं." मी म्हणालो, शहरात गोड फार असतं. "आणि चालणं कमी," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी बसलो. तिने माझ्यापुढे मूठभर शेंगा टाकल्या, मीही सोलायला लागलो. मग मी सहज म्हणून माझ्या जुन्या घराकडे मान वळवली आणि मला फाटक दिसलं. खांब जरा कलला होता. वर बाण होता, गंजून तपकिरी झालेला, आणि त्याचं टोक पश्चिमेला होतं.

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. त्या संध्याकाळी मी तो घरी वळवलाच नव्हता. गर्दी, रडारड, पेटी, आणि नंतर पंधरा दिवस त्या फाटकातून मी मान खाली घालून ये-जा केली, हात लावायची हिंमत झाली नाही म्हणून की विसरलो म्हणून, देव जाणे. "सहा वर्षं?" मी म्हणालो. देल्फिना म्हणाली, "दुसऱ्याच्या बाणाला हात लावत नाहीत. मधे एक रंगारी आला होता घर रंगवायला, त्याला मी खांब सोडून रंगव म्हटलं. तुम्ही गेलात तेही पश्चिमेलाच. आम्ही म्हटलं, ठीक आहे, फादर अजून यायचेत." हे ती हसत हसत म्हणाली, पण माझ्याकडे बघत नव्हती. रामोनाचं दार तिथून समोरच दिसत होतं. म्हणजे सहा वर्षं रोज सकाळी दार उघडून तिने हेच बघितलं होतं.

मी म्हणालो, "देल्फिना, मी त्या दिवशी पूर्वेला गेलो होतो."

तिने एक शेंग सोलली, दाणे घमेल्यात टाकले. "माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या बुटांना लाल माती होती. पश्चिमेला सगळी पांढरी. मेलेल्या माणसाच्या घरातली फरशी मी पुसली, फादर, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी कोण बोलणारी? बाण तुमचा."

"रामोनाला?"

"तिला तेव्हा फरशी दिसत होती का?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आणि मला चिडायला लावू नका. पत्रावर सही करा म्हणून ती घरोघर फिरलीय. गुडघे दुखतात तिचे. मी माझी सही केली, पण म्हटलं, बघू हा माणूस कुठल्या वाटेने येतो."

मला तेव्हा उठून गाडीत बसता आलं असतं. किल्ली खिशात होती, पार्किंग समितीची मीटिंग चारला होती, आणि मॉन्सिन्योरना नाही म्हणायला एक फोन पुरला असता. रामोनाचा अबेलार्दो आणि रामोनाचे फादर दोघेही तिच्यासाठी होते तसे राहिले असते. हे दयाळूपणाचंच ठरेल, असंही मनात आलं. पळून जायची वेळ आली की माझ्या मनात नेहमी दयाळू विचार येतात. मी उठलो आणि फाटकाकडे गेलो. बाण दाराकडे वळवावा म्हणून धरला, तर तो हलेना. खिळा गंजून जाम झाला होता. मागून देल्फिना म्हणाली, "थांबा, तेल आणते." ती शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घेऊन आली, दोन थेंब सोडले, आणि आम्ही दोघे त्या खिळ्याकडे बघत उभे राहिलो. तेल हळूहळू आत उतरत होतं. दुसऱ्या तेलाची डबी माझ्या खिशात होती. मी ती कधी घरी ठेवत नाही.

बाण करकरला आणि फिरला. पण मी तो घराकडे नेला नाही. ते घर माझं नव्हतं अजून. मी टोक रामोनाच्या दारावर आणून थांबवलं. देल्फिनाने बघितलं. "साठ पावलांसाठी?" ती म्हणाली. "लोक हसतील." मी म्हणालो, हसू देत. ती बुधलीचं झाकण लावत म्हणाली, "सूर्य मावळेपर्यंत वळवला नाहीत तर येऊ आम्ही शोधायला."

रामोना दारातच होती. सहा वर्षं न हललेली वस्तू हलली तर या गावात बातमी लागते. केस पांढरेशुभ्र झाले होते. "फादर," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले, "मला माहीत होतं तुम्ही याल." मी म्हणालो, आत जाऊया का. आत घेवड्याची डाळ रटरटत होती, भिंतीवर अबेलार्दोचा खाणीतल्या टोपीतला फोटो होता. ती खुर्ची पुढे करत होती, मी बसलो नाही. बसलो असतो तर कॉफी आली असती, मग खुशाली, मग मी काहीतरी दयाळू बोललो असतो. मी उभ्या उभ्या सांगितलं. बाण पश्चिमेला केला आणि पूर्वेला गेलो. मुद्दाम. मी कुणाला सापडू नये म्हणून. रूफिनो आणि धाकटा बापाजवळ नव्हते ते माझ्यामुळे. वाक्यं तेवढीच होती; सहा वर्षं मी ती मनात फार लांबलचक केली होती.

तिने वळून शेगडीचा गॅस बंद केला. रटरट थांबली. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "पूर्वेला कुठे?"

"लाल टेकड्यांत. पाण्याच्या खळग्यापाशी."

"म्हणजे पाऊण तास."

"हो."

"अबेलार्दो मला लग्नाआधी तिथे न्यायचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "देल्फिनाने घंटा वाजवली होती. दीड वाजल्यापासून. थांबून थांबून, चार वाजेपर्यंत. हात सोलले तिचे. ती घंटा खळग्यापर्यंत ऐकू जाते. आम्ही ऐकलीय तिथून." आता ती वळली. "तुम्हाला ऐकू आली?"

हे मी म्हाताऱ्या फादरना सांगितलं नव्हतं, देल्फिनाला सांगितलं नव्हतं, आणि देवासमोर गुडघे टेकतानाही याच्या अलीकडेच थांबत होतो. पहिला टोल आला तेव्हा मधमाश्या पाण्यावर होत्या. मी डोळे उघडले. दुसरा आला. मी मोजले, अकरापर्यंत मोजले, आणि मग मोजणं सोडून दिलं आणि सावलीबरोबर सरकलो. त्या लांबून येणाऱ्या घंटेने ती दुपार अधिकच सुंदर झाली होती.

"ऐकू आली," मी म्हणालो.

रामोनाने खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, ती पडेल, म्हणून पुढे झालो, तर तिने हात वर करून मला होतो तिथेच थांबवलं. तिचे ओठ हलत होते, पण ती प्रार्थना नव्हती. ती काहीतरी हिशेब जुळवत होती, कोण कुठे होतं, किती वाजता. शेवटी ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मला तिने अरेतुरे केलं, "रूफिनो पाच वाजता कामावरून येतो. बाप गेला तेव्हा आपण का नव्हतो, असं तो दर वर्षी जूनमध्ये मला विचारतो. त्याला तूच सांग. हेसुद्धा, घंटेचं. तोवर बस तिथे."

मी बसलो. तिने कॉफी विचारली नाही. स्वतः दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. घड्याळात चार वाजत आले होते. उद्या दुपारी मॉन्सिन्योरना काय सांगायचं हे माझ्या हातात उरलं नव्हतं, ते आता पाच वाजता एका ट्रकमधून उतरणार होतं, आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं की माझे हात मांडीवर स्थिर होते. पुढचं दार उघडंच राहिलं होतं. तिथून रस्ता दिसत होता, पलीकडे कललेला खांब, आणि खांबावर तेल लागून एका बाजूने चकाकणारा पत्रा. त्याचं टोक रस्ता ओलांडून, उंबरा ओलांडून, नेमकं मी बसलो होतो तिथे रोखलेलं होतं. कुणालाही शोधत फिरावं लागणार नव्हतं.